टपालाची चाळणी : ई-मेलच्या नियमांचा इतिहास

१/ भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. संस्कृतचे पंडित आणि केंद्र सरकारच्या सेवेतील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे शिल्पकार. सहा आकड्यांमुळे पत्र योग्य टपाल कचेरीपर्यंत पोहोचणे सुकर झाले. ही वर्गवारी मात्र पत्त्यावरून होई आणि दारापाशी संपे. पुढे लग्नपत्रिका, बिले आणि जाहिराती निवडण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागे.

२/ त्याच सुमारास, १९७१ साली, अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठवला. पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह त्यांनीच योजले. ना पाकीट, ना तिकीट. एकच मजकूर शंभर जणांना धाडणेही सहज शक्य झाले. पाठवणाऱ्याचे श्रम घटले, तसा वाचणाऱ्याचा भार वाढला.

३/ हा धोका लवकरच ओळखला गेला. नको असलेले संदेश नाकारण्याची सोय घेणाऱ्या संगणकाकडे नाही, हे जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘आरएफसी ७०६’ या टिपणात नोंदवले. मार्च १९८२ मध्ये ‘एसीएम’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष पीटर डेनिंग यांनी ‘इलेक्ट्रॉनिक जंक’ हा लेख लिहिला. सारे लक्ष संदेश निर्माण करण्याकडे व पाठवण्याकडे आहे, घेणाऱ्याचा विचार कोणी करत नाही, हा त्यांचा मुद्दा.

४/ त्याला एक ठोस उत्तर एमआयटीत मिळाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात थॉमस मलोन आणि सहकाऱ्यांनी ‘इन्फर्मेशन लेन्स’ ही प्रणाली उभारली. ‘जर संदेश अमुक प्रकारचा असेल, तर तो तमुक फोल्डरमध्ये ठेव’ असे नियम संगणकाची भाषा न शिकलेल्या माणसालाही लिहिता यावेत, हा तिचा हेतू. आजच्या ई-मेलमधील नियमांची चौकट तीच आहे.

५/ १९९० साली स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी युनिक्ससाठी ‘प्रोकमेल’ लिहिले. नियम वरून खाली तपासले जात. टपाल एखाद्या फोल्डरमध्ये पडले, की सहसा पुढचे नियम लागू होत नसत. त्यामुळे क्रमाला महत्त्व आले. ‘सभा’ हा शब्द शोधणारा ढोबळ नियम वर असेल, तर वरिष्ठांच्या तातडीच्या पत्रासाठी खाली लिहिलेला नियम व्यर्थ ठरे.

६/ नियमाची चूक मूक असते, ही खरी अडचण. चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेले पत्र हरवलेले नसते, पण वाचलेही जात नाही. आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत राहतो.

७/ जानेवारी २००१ मध्ये टिम शोवॉल्टर यांनी ‘आरएफसी ३०२८’द्वारे ‘सीव्ह’ ही प्रमाणित भाषा मांडली. सीव्ह म्हणजे चाळणी. सर्व्हर अडकून पडू नये म्हणून तिच्या मूळ रूपात पुनरावर्तनाची सोयच ठेवली नाही. कोणताही नियम लागू न झाल्यास पत्र मुख्य टपालपेटीतच राहील, हेही ठरवले गेले. संशय असेल तेव्हा पत्र जपावे, असे हे धोरण.

८/ १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने फोल्डरऐवजी लेबले दिली. एकाच पत्रावर अनेक लेबले लावता येऊ लागली. २०१० मध्ये ‘प्रायॉरिटी इनबॉक्स’ आला आणि महत्त्वाचे काय, याचा अंदाज वापरकर्त्याच्या सवयींवरून यंत्र बांधू लागले. श्रम वाचले. पण स्वतः लिहिलेला नियम उघडून वाचता येतो, त्यातील चूक सापडते, ती दुरुस्तही करता येते. यंत्राने शिकलेला निकष असा वाचता येत नाही. डेनिंग यांनी घेणाऱ्याची बाजू मांडली, त्याला चार दशके उलटली. कोणते पत्र आधी वाचावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्या हातून हळूहळू यंत्राकडे जात आहे.