भोवरा आपल्याकडेही होता. मग पैसा जपानला कसा गेला?

ज्यांचं लहानपण २००० नंतरच्या दशकात चारकोपमध्ये गेलं, त्यांना 'बेब्लेड' काय ते सांगायला नको. सोसायटीचा चौक, घरातून पळवलेली परात आणि 'लेट इट रिप' ओरडत सोडलेली दोन चाकं. ज्याचं बाहेर उडालं तो हरला. आम्हाला वाटायचं, हे कार्टूनमधलं खेळणं. प्रत्यक्षात उलटं होतं. आधी खेळणं आलं, कार्टून नंतर.

जपानमध्ये 'बेइगोमा' नावाचा जुना गल्लीतला खेळ आहे. आधी शंखात वाळू भरून भोवरा करायचे, पुढे तो लोखंडाचा झाला. बादलीवर कापड ताणायचं, दोरी गुंडाळून भोवरे सोडायचे आणि दुसऱ्याचा बाहेर पाडायचा. म्हणजे आपल्या भोवऱ्याचाच चुलतभाऊ!

टाकारा ही १९५५ सालची जपानी खेळणी कंपनी. तिने १९९९ मध्ये याच खेळाला प्लास्टिकचं रूप दिलं. दोरीच्या जागी दातेरी पट्टी आली, भाग सुटे झाले. एक कडं बदललं की मारा वाढतो, खालचं टोक बदललं की तोल सुधारतो. त्यामुळे एक घेऊन कुणाचंच भागेना. त्याच सुमारास ताकाओ आओकी यांची चित्रकथा सुरू झाली, २००१ मध्ये टीव्ही मालिका आली. प्रत्येक भोवऱ्याला मालक मिळाला, ड्रॅगून, ड्रेंझरसारखी नावं मिळाली. जपानबाहेर विकायला हॅस्ब्रो ही अमेरिकन कंपनी होती. २००६ मध्ये टाकारा आणि टोमी एक झाल्या.

मुद्दा इथे आहे. प्लास्टिक कुणीही ओततं. आमच्या हातात तर बहुतेक नकलाच असायच्या, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, स्टिकर वाकडं लावलेल्या. पण नक्कल करणाराही नाव ड्रॅगूनचंच छापायचा! खरी किंमत त्या नावाची. ते नाव डब्यावर, दप्तरावर, टीशर्टवर कायदेशीर छापायचं तर हक्काचे पैसे मोजावे लागतात. कारखाना कुठेही असो, ती रक्कम हक्कदाराच्या घरी जाते.

आपल्या सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूची तपासणी हवीच. पण ड्युटीने बंदरावरचा कंटेनर अडतो, मुलाच्या डोक्यातली गोष्ट नाही अडत.

चारकोपमध्ये अर्धा कोकण राहतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आपल्या घराघरांत आलेली आहेत. हात आपल्याकडे आहेत. गोष्टीही आहेत: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेला चिंटू आहे. पण फास्टर फेणेची सायकल किंवा चिंटूची गँग खेळणी म्हणून इथल्या एकाही दुकानात मला आजवर दिसलेली नाही. कारागीर एकीकडे, लेखक-चित्रकार दुसरीकडे. दोघांना एका टेबलावर बसवणारा कुणी नाही, आणि टाकाराने नेमकं तेच केलं होतं.

तुमच्या घरातल्या खेळण्यांपैकी किती पात्रं मराठी बोलतात? मोजा आणि आकडा खाली लिहा.