फायनलाइज न केलेली डिस्क

फायनलाइज न केलेली डिस्क : लेखन झालेले आहे, पण ते संपल्याची अखेरची नोंद झालेली नाही, अशी एकदाच लिहिता येणारी सीडी किंवा डीव्हीडी. अशी डिस्क संगणकात घातली तर ती बहुधा कोरी दिसते, नाहीतर ड्राइव्ह बराच वेळ घरघरून गप्प बसतो. डिस्क खराब झाली, असा निष्कर्ष मग सर्रास काढला जातो आणि पुष्कळदा तो चुकतो. मजकूर जागच्या जागी असतो. त्याचा ठावठिकाणा सांगणारा तक्ता मात्र अजून लिहिलेला नसतो. हा तक्ता मागे राहतो त्याचे मूळ कारण एकदाच लिहिता येण्याच्या गुणधर्मात आहे. वापरणाऱ्याचा विसर हे फार तर निमित्त.

फिलिप्स आणि सोनी यांच्या 'ऑरेंज बुक' या मानकानुसार सीडी-आर आतल्या कडेपासून बाहेर लिहिली जाते. आतल्या कडेजवळच्या लीड-इन पट्ट्यात कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो आणि लेखन कुठे संपते याची अनुक्रमणिका असते. कारखान्यात छापलेल्या सीडीचा मजकूर आधीच ठरलेला असल्याने ही अनुक्रमणिकाही तयार असते. सीडी-आरवर पहिला ट्रॅक लिहिताना शेवटचा कुठे संपेल हे ठाऊक नसते आणि लेसरने एकदा बदललेला रंगद्रव्याचा थर पूर्ववत होत नाही. म्हणून सेशन, म्हणजे लेखनाचा एक हप्ता, बंद होईपर्यंत लीड-इन कोरा ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तोवरची कच्ची नोंद त्याच्याही आतल्या बाजूला, पीएमए नावाच्या छोट्या भागात ठेवली जाते. डीव्हीडी-आरमध्ये हेच काम आरएमए करतो. ही कच्ची नोंद राइटरला वाचता येते. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला आणि गाण्यांच्या प्लेअरला तिचा उपयोग नसतो.

यावर आक्षेप असा, की संगणकातले अलीकडचे बहुतेक ड्राइव्ह राइटरच आहेत. मग अडते कुठे? अडते वरच्या पायरीवर. ट्रॅक कुठे सुरू होतो हे ड्राइव्ह सांगतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमला फाइल सिस्टिम हवी असते. आयएसओ ९६६० पद्धतीची खूण ती १६व्या सेक्टरपासून शोधते, यूडीएफची प्रामुख्याने २५६व्या सेक्टरमध्ये. ८ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या डिस्कवर चित्रण करणारे कॅमकॉर्डर व्हिडिओ पद्धतीत नेमकी ही सुरुवातीची जागा राखून ठेवतात, चित्रण तिच्या पुढे लिहितात आणि फायनलाइज करताना ती भरतात. तोपर्यंत तिथे काहीच नसल्याने अर्धा तास चित्रण असलेली डिस्कही संगणकाला रिकामी वाटते. विंडोज कधी कधी ती फॉरमॅट करू का, असेही विचारते. उत्तर नेहमी 'नाही' असावे. या डिस्कवर एकदा उमटलेले मागे घेता येत नाही.

मग तक्ता शेवटीच का लिहू नये? तेही करून झाले आहे. यूडीएफच्या १९९७ च्या १.५० आवृत्तीत व्हॅट नावाचा तक्ता लेखनाच्या अगदी अखेरीस येतो. फायली जशा लागतील तशा डिस्कवर टाकण्याची सोय त्यामुळे झाली. पण लेखन सुरू असताना वीज गेली, तर शेवटच्या सेक्टरमध्ये व्हॅटऐवजी अर्धवट मजकूर राहतो आणि शोध पुन्हा फसतो. दुसरा मार्ग प्रत्येक वेळी सेशन बंद करण्याचा. कोडॅकच्या १९९२ च्या फोटो सीडीने तो रुळवला. तिच्यावर नंतर भरलेली छायाचित्रे जुन्या, एकाच सेशनच्या ड्राइव्हना दिसत नसत. शिवाय पहिले सेशन बंद करायला सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३ एमबी जागा खर्ची पडते. चार-दोन फायलींसाठी ही किंमत जड वाटून सेशन उघडेच ठेवले जाई, यात नवल नाही. सेशन बंद करणे म्हणजे फायनलाइज करणे नव्हे, हेही इथे नोंदवले पाहिजे : बंद सेशननंतर भर घालता येते, फायनलाइज केल्यावर नाही.

संगणकावरच्या बर्निंग सॉफ्टवेअरने डिस्क बंद करून टाकावी, हा सल्ला सोयीचा असला तरी कॅमकॉर्डरच्या डिस्कसाठी धोक्याचा आहे. असे सॉफ्टवेअर लीड-इन आणि लेखनाच्या शेवटचा लीड-आउट पट्टा लिहू शकेल. चित्रणाची मांडणी सांगणाऱ्या आयएफओ फायली ते तयार करेलच असे नाही. तसे झाले तर डिस्क बंद होते, चित्रण तरीही दिसत नाही आणि मूळ कॅमेऱ्याचा मार्गही खुंटतो. पहिला उपाय म्हणून ज्या उपकरणाने लिहिले त्यातच फायनलाइज करावे. ते नसेल तर त्याच मॉडेलचे दुसरे वापरून पाहावे. तेही न मिळाल्यास आयसोबस्टरसारख्या साधनाने राइटर ड्राइव्हमधून सेक्टर थेट वाचावेत. डीव्हीडी व्हिडिओचा प्रत्येक पॅक २,०४८ बाइटचा, म्हणजे बरोबर एका सेक्टरएवढा असतो आणि त्याच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते, म्हणून फाइल सिस्टिम नसतानाही चित्रण सापडते. थरच ओरखडलेला किंवा विटलेला असेल, तर मात्र यातले काहीच चालत नाही. घरात डीव्हीडी कॅमकॉर्डर असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्याच्या सगळ्या डिस्क त्याच्यातच फायनलाइज करून घ्याव्यात.