पोर्श ९१७ : दिशास्थैर्याचा दोष व त्याचे निदान

पश्चिम जर्मनीतील पोर्श कंपनीने मार्च १९६९ मध्ये जिनीव्हा येथे सादर केलेली शर्यतीची मोटारगाडी. तिचे एंजिन ४·५ लिटरचे, बारा सिलिंडरी होते. मात्र वेग वाढताच मागील चाकांची पकड सैल होऊन गाडी भरकटू लागे. अनुभवी चालकही ती चालविण्यास कचरत. त्याच वर्षी जूनमध्ये ल मां शर्यतीच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक या गाडीच्या अपघातात मरण पावला.

दोष प्रथम निलंबन योजनेत शोधला गेला. ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातील झेल्टव्हेग येथील चाचणीत जॉन हॉर्समन या अभियंत्याला वेगळीच खूण आढळली : गाडीच्या पुढील भागावर चिरडलेल्या किड्यांचे डाग होते, मागील पंखांवर मात्र नव्हते. याचा अर्थ, हवेचा प्रवाह शेपटीवरून वाहतच नव्हता व तिच्यावर खालच्या दिशेने दाब पडत नव्हता. वातविवराच्या युगात हे निदान किड्यांवरून व्हावे, हे लक्षणीय आहे. ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून शेपटी तेथल्या तेथे आखूड व उंच करण्यात आली आणि गाडी स्थिर झाली. याच धर्तीच्या शेपटीच्या गाडीतून हान्स हेरमान व रिचर्ड ॲटवुड यांनी १९७० ची ल मां शर्यत जिंकली. एकूण क्रमवारीतील पोर्शचे तेथील हे पहिले विजेतेपद होय.