पानिपतची चिंध्यांची धूळ

मराठी मनातले पानिपत १७६१ च्या लढाईपाशीच थांबते. त्यानंतरच्या पानिपतचा इतिहास मागांचा आणि चिंध्यांचा आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विस्थापितांनी इथला विणकाम-धंदा वाढवला. पुढे परदेशांतले टाकाऊ कपडे फाडून, पिंजून त्यांचे सूत आणि ब्लँकेटे करणारे हे जगातले एक मोठे केंद्र झाले. या फाडणी-पिंजणीत उडणारी तंतूंची धूळ फुप्फुसांत जाते. हा धोका अज्ञात नव्हता. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला-दमा नोंदवला होता. भारताच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातही कापसाच्या धुळीने होणारा ‘बिसिनोसिस’ हा आजार होता.

यावर आक्षेप असा की, पानिपतसह साऱ्या दिल्ली परिसराची हवाच वाईट, शिवाय कामगार विडी ओढतात. मग दोष कारखान्याला का? पण बिसिनोसिसमध्ये सुरुवातीला छाती आवळते ती साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी. शहराची हवा आणि विडी सुट्टी पाळत नाहीत, कारखान्याची धूळ पाळते. चिंध्यांच्या पुनर्वापराने पर्यावरणाचे भले होते, हे खरे. मात्र कंत्राटी कामगार आजारी पडून गावी परतला की त्याचा आजार कुठल्याच हिशेबात येत नाही. म्हणून धूळ यंत्रापाशीच शोषणे आणि श्वासक्षमता नियमित तपासणे, हा या धंद्याच्या उत्पादनखर्चाचाच भाग मानला पाहिजे.