दात राखण्याची विद्या

अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेले फर्दापूर मोगलकालीन सराईमुळे मुसाफिरांच्या मुक्कामाचे ठिकाण म्हणून पूर्वापार परिचित आहे. परंतु खानदेशातून दक्खनकडे जाणाऱ्या ज्या वाटसरूची दाढ ऐन मुक्कामी ठणकू लागे, त्याला लवंग दाताखाली धरून कळ सोसणे, रुईच्या चिकाचा बोळा ठेवणे अथवा दाढच उपटून घेणे, यांपलीकडे इलाज नसे. यांतील रुईचा चीक गावठी वाटला, तरी त्यास शास्त्राधार आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात वाग्भटाने किडलेल्या दाताच्या पोकळीत गूळ किंवा मेण भरून डाग देण्याचा, तसेच सातवीण आणि रुई यांचा चीक भरण्याचा उपचार सांगितला आहे. तथापि पोकळी भरणे निराळे आणि मुळाच्या सूक्ष्म नलिकेत शिरून कुजलेली दंतमज्जा काढणे निराळे.

ते दुसरे कार्य एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साध्य होऊ लागले. एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ साली घड्याळाच्या कमानीची तार घासून नलिका साफ करण्याचे हत्यार घडविले. सॅनफोर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये रबराचा पातळ पडदा लावून दात लाळेपासून अलग राखला. आणि १८६७ मध्ये बोमन यांनी मलायातील वृक्षाच्या चिकापासून बनणारा गट्टापर्चा नलिकेत भरला. वाग्भटाच्या चिकाचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा.

परंतु १९१० साली माँट्रिअल येथील व्याख्यानात विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मुखातील दूषित दात हे सर्वांगाच्या व्याधींचे मूळ असल्याचा आरोप केला, आणि पुढील कित्येक वर्षे निर्जीव दातांची सरसहा उचलबांगडी सुरू झाली. अशा काळात फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अध्यापक लुईस ग्रॉसमन यांनी वादविवादापेक्षा पुराव्यावर भिस्त ठेवली: क्ष-किरण चित्र घ्यावे, हत्यारे निर्जंतुक करावीत, नलिकेतील स्रावात जंतू वाढतात की नाही हे पाहावे, आणि मगच ती बंद करावी. त्यांचा रूट कॅनालवरील, म्हणजे या नलिकेच्या उपचारावरील, ग्रंथ १९४० मध्ये निघाला. १९६३ साली या उपचारशाखेला अमेरिकेत स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा लाभला. आणि ग्रॉसमन यांच्या पश्चात त्यांच्या त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्त्यांचे संपादन भारतीय अध्यापकांच्या हाती आले.

फर्दापूरच्या जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगर येथे, १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि ही विद्या आता त्याच्या अभ्यासक्रमाचा नित्य भाग आहे. मेनार्डचे हत्यार केव्हाच कालबाह्य झाले, ग्रॉसमन यांची औषधेही मागे पडली. परंतु प्रथम शुद्धी, मग भरण, आणि दात काढणे हा अखेरचा उपाय, हा त्यांचा दंडक अबाधित आहे. म्हणून दाढ ठणकताच ती उपटून मोकळे होण्याची घाई करणाऱ्यांनी, ती राखता येईल का, हा प्रश्न दंतवैद्यास आधी विचारावा.