झोक्याची ज्या

आहुप्याला घाटमाथा संपतो. गावाच्या पश्चिमेला जमीन एकाएकी तुटते. खाली मुरबाडकडचे कोकण, समोर गोरखगडाचा सुळका. आंबेगाव तालुक्याच्या या टोकाला श्रावणात धुके असे दाटते की झोक्यावरची पोर मागे गेली की पुसली जाते, पुढे आली की पुन्हा उमटते. तिला विचारा, झोका थांबतो कुठे? ‘दोन्ही टोकांना.’ आणि जोरात कुठे असतो? ‘मधे, खाली.’ या पुस्तिकेत जे शिकायचे आहे त्यातले निम्मे तिला येतेच आहे. उरलेले कागदावर आणायचे.

आंब्याची आडवी फांदी जमिनीपासून साडेचार मीटरवर, दोर चार मीटरचा, बसायला पोत्याची घडी. दोर उभ्या रेषेशी जो कोन करतो त्यावरून पोरीची जागा मिळते:

क्ष = ४ × ज्या(कोन)
य = ४.५ − ४ × कोज्या(कोन)

क्ष म्हणजे मधल्या रेषेपासूनचे आडवे अंतर, य म्हणजे जमिनीपासूनची उंची. दहावीच्या काटकोन त्रिकोणापलीकडे यात काही नाही. पण ‘ज्या’ या शब्दापाशी थोडे थांबू. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. झोका दोन्हीकडे ३०° जात असेल, तर त्याची वाट हे धनुष्य, दोन टोकांना जोडणारी चार मीटरची सरळ रेषा ही दोरी, आणि तिची निम्मी लांबी, दोन मीटर, ही अर्धज्या. आपण आज जिला ज्या म्हणतो ती हीच, फक्त दोराच्या लांबीने भागलेली. मधून दोरीपर्यंतची उंची, सुमारे ५४ सेंटिमीटर, हिला आपले जुने गणिती ‘शर’ म्हणत. झोका तेवढाच वर चढतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ज्या कशा काढायच्या यासाठी त्यात ‘ज्योत्पत्ती’ हे वेगळे प्रकरण आहे. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटणला मठ स्थापला, तसा शिलालेखच आहे. तेव्हा हा विषय परका समजून बिचकायचे कारण नाही.

खरी अडचण पुढे आहे. त्याच कमानीवरून एखादा मुंगळा सावकाश चालत गेला, तरी वरची दोन समीकरणे त्यालाही लागू पडतात. झोका आणि मुंगळा यांतला फरक वेळेत आहे, आणि काढलेल्या वक्रात वेळ दिसत नाही. या आड राहून क्ष आणि य दोघांनाही चालवणाऱ्या राशीला प्राचल म्हणतात. मुले हमखास कोनाच्या जागी थेट वेळ घालतात. मग कागदावरची पोर फांदीवरून गरगर फिरत सुटते. ही चूक मला आवडते. ती वर्गात होऊ द्यावी, कारण त्यानंतरच उमगते की कोन स्वतःच जातो-येतो:

कोन = ३०° × कोज्या(९०° × वेळ)

वेळ सेकंदांत. चार मीटरच्या झोक्याला एक हेलकावा घ्यायला जवळजवळ बरोबर चार सेकंद लागतात, म्हणून हा ९०° इतका सोपा आला. ज्येच्या पोटात कोज्या गेली. आता क्ष आणि य यांचे आलेख वेगवेगळे काढा: क्ष एकदा जाऊन येईपर्यंत य दोनदा वर-खाली होतो.

वजनाचा उल्लेख कुठे आला नाही, हे लक्षात आले असेलच. थोरली बसो की धाकटी, हेलकाव्याची वेळ सूत्रानुसार तीच. झोका ६०° पर्यंत चढवला, तर मात्र ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि आपले समीकरण मागे पडू लागते.

मोबाइलवर दहा हेलकावे मोजलेत तर चाळीसऐवजी एखादा सेकंद कमीच भरेल. आपण पोरीचे सगळे अंग दोराच्या टोकाशी एका ठिपक्यात गोळा केले. खरे तर ते पोत्याच्या वर आहे, म्हणजे झोका चार मीटरपेक्षा जरासा आखूड. आता तिला उभी राहून झोका घ्यायला सांगा आणि पुन्हा दहा मोजा.