क्लॅमिडियाची टेस्ट कधी करायची? दुसऱ्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका, १४ दिवस मोजा

शनिवारी असुरक्षित संबंध आला, रविवारी मनात पाल चुकचुकली आणि सोमवारी सकाळी माणूस लॅबच्या दारात उभा. रिपोर्ट आला ‘निगेटिव्ह’. सुटलो एकदाचे, म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि विषय संपवला. नेमकी इथेच चूक होते. क्लॅमिडियाच्या बाबतीत दोन दिवसांनी आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टला फारसा अर्थ नसतो. खात्रीच्या टेस्टसाठी संबंध आल्यापासून दोन आठवडे जावे लागतात.

थोडक्यात

- लक्षणे नसतील तर संबंध आल्यापासून १४ दिवसांनी टेस्ट करावी.
- लक्षणे दिसली तर १४ दिवस थांबू नये, लगेच डॉक्टरकडे जावे.
- १४ दिवसांच्या आत केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, तर १४ दिवस झाल्यावर पुन्हा करावी.
- टेस्ट लघवीची किंवा स्वॅबची, पीसीआर पद्धतीची हवी. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट यासाठी उपयोगाची नाही.
- पॉझिटिव्ह आल्यास जोडीदाराचेही औषध झाले पाहिजे आणि तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा टेस्ट करावी.

हा आजार नेमका काय?

‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस’ या जिवाणूमुळे होणारा हा लैंगिक संसर्ग आहे. जिवाणूंमुळे होणाऱ्या लैंगिक आजारांत जगात सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी हा एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात सुमारे १२ कोटी ९० लाख लोकांना याची नव्याने लागण झाली.

नाव परके वाटले तरी जिवाणू आपल्याकडे जुनाच आहे. डोळ्यांच्या खुपऱ्या याच जिवाणूच्या वेगळ्या उपप्रकारांमुळे होत. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. लैंगिक संबंधांतून पसरणारे त्याचे भाऊबंद मात्र अजून आहेत, आणि ते बहुतेक वेळा आवाज न करता राहतात.

योनी, गुदद्वार किंवा तोंडावाटे होणाऱ्या संबंधांतून लागण होते. संडासची सीट, टॉवेल, पोहण्याचा तलाव, एकाच ताटात जेवणे यातून होत नाही. कंडोम नीट वापरल्यास धोका बराच कमी होतो.

दोन आठवडेच का?

हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो. एका पेशीत शिरणे, आत संख्या वाढवणे आणि पेशी फोडून शेजारच्या पेशींत जाणे, या एका फेरीला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. अशा काही फेऱ्या झाल्यावरच नमुन्यात टेस्टला पकडता येईल इतके जिवाणू जमतात. त्याआधी टेस्ट केली, तर लागण असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ब्रिटनमधील लैंगिक आरोग्याच्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच दोन आठवड्यांचा कालावधी धरला आहे.

दिवसांचा हिशेब

*पहिले ७२ तास:* या दिवसांत क्लॅमिडियाची टेस्ट करून फायदा नाही, पण दुसरी दोन कामे थांबत नाहीत. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर ‘पेप’ हे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. नको असलेल्या गर्भधारणेची भीती असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळीही याच मुदतीत घ्यायची असते.

*चौथा ते तेरावा दिवस:* काही त्रास नसेल तर थांबावे. मधल्या काळात संबंध टाळावेत, निदान कंडोम वापरावा. लघवीला जळजळ, लिंगातून पू किंवा पाण्यासारखा स्राव, अंगावरून नेहमीपेक्षा जास्त किंवा वेगळे पांढरे जाणे, पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त जाणे, ओटीपोटात किंवा अंडकोषात दुखणे, यापैकी काही झाले तर दिवस मोजत बसू नये. ही लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांत दिसतात.

*चौदावा दिवस आणि पुढे:* टेस्टची योग्य वेळ. तीन आठवडे, तीन महिने उलटून गेले असतील तरी टेस्ट करता येते. ‘आता उशीर झाला’ असे नसते.

*दीड ते तीन महिने:* एचआयव्ही आणि सिफिलिस यांच्या रक्ततपासण्यांची मुदत क्लॅमिडियापेक्षा लांब आहे. चौदाव्या दिवशी क्लॅमिडियाची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे हे दोन्हीही नाहीत, असे होत नाही. त्यांच्या तारखा डॉक्टरांकडून वेगळ्या लिहून घ्याव्यात. परमा, म्हणजेच गोनोरिया, मात्र बहुतेक ठिकाणी क्लॅमिडियाबरोबर एकाच नमुन्यातून तपासता येतो.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर हा हिशेब लागू नाही. त्या व्यक्तीने ताबडतोब रुग्णालयात जावे. सरकारी असो वा खासगी, अत्याचारग्रस्त व्यक्तीवर मोफत प्रथमोपचार करणे रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे.

कोणती टेस्ट मागायची?

लॅबमध्ये ‘एसटीडी पॅकेज’ असे मोघम सांगितले, तर कधी कधी फक्त रक्ततपासण्यांची यादी पुढे येते. त्यात क्लॅमिडियाची ‘आयजीजी’ किंवा ‘आयजीएम’ टेस्ट असली तरी तिने सध्याची लागण कळत नाही. म्हणून नाव घेऊन विचारावे: ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस पीसीआर, लघवीवर किंवा स्वॅबवर’. काही लॅब यालाच ‘नॅट’ म्हणतात. हे नाव बेळगावात सांगा, इंदुरात सांगा नाहीतर बडोद्यात, लॅबवाल्याला ते सारखेच कळते.

पुरुषांसाठी लघवीचा नमुना पुरतो. टेस्टच्या आधी निदान तासभर लघवीला जाऊ नये, आणि लघवीची *सुरुवातीची* धार, साधारण २० ते ३० मिलि, डबीत धरावी. एरवी लघवीच्या तपासणीला मधली धार देण्याची सवय असते. इथे नेमके उलटे आहे, आणि मधली धार दिली तर लागण निसटू शकते. स्त्रियांसाठी योनीतील स्वॅब अधिक भरवशाचा. तो स्वतःलाही घेता येतो, त्यासाठी तपासणीच्या टेबलावर झोपावेच लागते असे नाही. तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे संबंध आला असेल तर तेथील वेगळा स्वॅब लागतो, कारण लघवीत ती लागण दिसत नाही.

मधल्या काळात घसा, ताप, दात अशा कशासाठीही अँटिबायोटिक घेतले असेल तर ते टेस्टआधी सांगावे. त्याने निकाल फिरू शकतो.

लक्षणेच नाहीत, मग टेस्ट कशाला?

लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना काहीही जाणवत नाही. जाणवले तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणत सब्जा आणि ताकावर वेळ काढला जातो. जळजळ आपोआप कमी होते, पण जिवाणू जात नाही. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ शरीरात राहू शकतो.

त्याची किंमत बहुतेकदा बाईला मोजावी लागते. संसर्ग गर्भाशयमुखातून वर चढून बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. उपचार न घेतलेल्या साधारण १० ते १५ टक्के स्त्रियांना ओटीपोटाचा दाह होतो, असा अमेरिकेच्या सीडीसीचा अंदाज आहे. त्यातून बीजवाहिन्यांवर व्रण पडतात, त्या बंद होतात. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतच राहतो आणि जिवावर बेतते. लग्नानंतर पाच वर्षांनी ‘ट्यूब ब्लॉक’ असा रिपोर्ट येतो आणि घरात बोट सुनेकडे जाते. मुळाशी असलेली लागण कदाचित नवऱ्याकडून आलेली असते, आणि त्यालाही ती कधी कळलेली नसते. पुरुषांतही अंडकोषाजवळची नळी सुजून दुखणे सुरू होऊ शकते.

गरोदर स्त्रीला लागण असेल तर प्रसूतीच्या वेळी ती बाळाला होऊ शकते. बाळाचे डोळे येतात किंवा पहिल्या काही महिन्यांत न्यूमोनिया होतो. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी आपल्याकडे होते, क्लॅमिडियाची सरसकट होत नाही. शंका असेल तर ती मागून घ्यावी लागते.

पॉझिटिव्ह आले तर

हा आजार पूर्ण बरा होतो. सहसा डॉक्सिसायक्लिन सात दिवस दिले जाते. गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत, त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन वापरतात. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मेडिकलच्या काउंटरवरून दोन गोळ्या मागून आणल्या तर लागण अर्धवट दबते, परम्यासारखा बरोबरचा आजार तसाच राहतो आणि पुढची टेस्टही गोंधळात पडते.

गेल्या ६० दिवसांतील जोडीदारांना सांगणे आवश्यक आहे. नवऱ्याने गुपचूप औषध घेतले आणि बायकोला कळूच दिले नाही, तर आजार घरातच राहतो आणि त्यालाही पुन्हा होतो. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. एकाच डोसचे औषध असेल तर त्यानंतर सात दिवस थांबावे.

एक गोष्ट दोघांनीही ध्यानात ठेवावी. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून लागण कधी झाली आणि कोणाकडून झाली, हे कळत नाही. ती लग्नाआधीची जुनीही असू शकते. रिपोर्ट हाती घेऊन त्याच दिवशी संसार मोडायला निघण्याआधी हे डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावे.

औषध संपल्यावर लगेच टेस्ट करू नये. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष तीन-चार आठवडे टेस्टमध्ये उमटू शकतात. तीन महिन्यांनी करावी, कारण पुन्हा लागण होण्याचे प्रमाण बरेच असते. गरोदर स्त्रियांची तपासणी मात्र उपचारानंतर साधारण चार आठवड्यांनीही केली जाते.

कुठे जायचे?

सरकारी जिल्हा रुग्णालये आणि मेडिकल कॉलेजांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातील हे नाव देशभर तेच आहे. पाटी कन्नडमध्ये असो, गुजरातीत, हिंदीत किंवा तेलुगूत, हेच नाव विचारावे. समुपदेशन आणि औषधे तेथे मोफत मिळतात. बेळगावची बिम्स, बांबोळीचे गोमेकॉ, इंदूरचे एमवाय, ग्वाल्हेरचे जयारोग्य, बडोद्याचे एसएसजी अशा रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोग विभागाची ओपीडी असते.

एक मर्यादा मात्र माहीत हवी. सरकारी पद्धतीत लक्षणे पाहून रंगांच्या किटमधून औषध देण्यावर भर आहे. लिंगातून स्राव असेल तर करड्या रंगाचे किट मिळते. ज्याला लक्षणेच नाहीत तो या जाळ्यातून सुटतो. म्हणून ‘त्रास काही नाही, पण अमुक तारखेला असुरक्षित संबंध आला होता’ असे स्पष्ट सांगावे आणि पीसीआर तेथे होते का, ते विचारावे. होत नसेल तर खासगी लॅब नमुना मोठ्या शहरात पाठवते. अशा वेळी रिपोर्टला काही दिवस लागतात. नाव न सांगता माहिती हवी असल्यास १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

डॉक्टरांसमोर जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात: संबंधाची तारीख, संबंधाचा प्रकार आणि मधल्या काळात घेतलेली औषधे. टेस्ट कोणत्या दिवशी आणि कोणत्या नमुन्यावर करायची, हे त्यावरूनच ठरते.